अंगकोर : दोन दिवसांत चौदा देवळे नकोत

प्रश्न थोडक्यात असा आहे. अडुसष्ट वर्षांचे वडील, पासष्ट वर्षांची आई, नवरा-बायको आणि दहा वर्षांची मुलगी असे पाच जणांचे कुटुंब डिसेंबरात सहा दिवसांसाठी कंबोडियातील सिएम रीप या शहरी, तिथल्या ख्मेर राजांच्या अंगकोर या जुन्या राजधानीतली देवळे पाहायला जाणार आहे. प्रवासी कंपनीने दोन दिवसांत चौदा देवळे, एक तरंगते गाव, एका अनाथाश्रमाला भेट आणि उरलेल्या वेळात खरेदी असा कार्यक्रम आखून दिला आहे. सगळे शाकाहारी आहेत. यातले काय ठेवावे, काय गाळावे आणि गावात गेल्यावर कसे वागावे, हे विचारले आहे.

गेली बारा वर्षे मी मराठी प्रवाशांचे लहान गट घेऊन या भागात जात आहे, त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे देतो. चौदाची सहा देवळे करावीत, साधारणपणे ती बांधली गेली त्या क्रमाने पाहावीत, अनाथाश्रमाची भेट पूर्णपणे गाळावी, आणि तरंगत्या गावाऐवजी खांबांवर उभे असलेले गाव निवडावे. बाकीचा कार्यक्रम याच्याभोवती आपोआप बसतो.

चौदा देवळांचा बेत वाईट का, तर पाय दुखतात म्हणून नव्हे. आपल्या माणसाला अंगकोरमध्ये सगळे ओळखीचे वाटते, ही खरी अडचण आहे. कुरुक्षेत्र ओळखू येते, वाली-सुग्रीव ओळखू येतात, समुद्रमंथन तर दुरूनच कळते, आणि ओळख पटली की पाहणे थांबते. ‘हे तर आपलेच’ असे म्हणून माणूस पुढच्या देवळाकडे निघतो. वास्तविक जे आपल्या कथेशी जुळत नाही, तेच तिथे पाहण्यासारखे असते. अंगकोर वाटच्या समुद्रमंथनात वासुकीच्या शेपटाकडच्या टोकाला, देवांच्या रांगेत, एक मोठा वानर उभा आहे. आपल्या पुराणांतल्या मंथनात वानराला जागा नाही. ख्मेर शिल्पकाराने ती दिली, आणि का दिली असावी याचा विचार करायला तिथे दहा मिनिटे उभे राहावे लागते. दोन दिवसांत चौदा देवळे पाहणाऱ्याकडे ती दहा मिनिटे नसतात.

तिकिटाचे आधी सांगतो. अंगकोरच्या परिसराचा पास एका दिवसासाठी ३७ डॉलर, तीन दिवसांसाठी ६२ आणि सात दिवसांसाठी ७२ डॉलर असा आहे. तीन दिवसांचा पास दहा दिवसांच्या मुदतीत कोणत्याही तीन दिवशी वापरता येतो, म्हणजे ते दिवस सलग असण्याची गरज नाही. तुम्हाला हाच पास योग्य आहे, कारण मधले दिवस विश्रांतीला आणि गावांना देता येतात. पासवर तुमचा फोटो छापलेला असतो, त्यामुळे तो दुसऱ्याच्या नावावर चालत नाही. तो अधिकृत तिकीटघरातून किंवा त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, हॉटेलातल्या मध्यस्थाकडून घेऊ नये. बारा वर्षांखालील मुलांना पास लागत नाही, मात्र वयाचा पुरावा म्हणून मुलीचा पासपोर्ट रोज बरोबर ठेवावा लागेल.

आता क्रम. बहुतेक सहली अंगकोर वाटपासून सुरू होतात आणि मग पुढचे सगळे फिके वाटते. मी पहिल्या सकाळी लोकांना शहराच्या पूर्वेला तेरा किलोमीटरवर असलेल्या रोलुओसला नेतो. तिथले बाकोंग हे पहिल्या इंद्रवर्म्याचे देऊळ इ.स. ८८१ मधले आहे. देऊळ म्हणजे पाच टप्प्यांचा दगडी डोंगरच असून माथ्यावर शिखर आहे आणि आवारातच आज नांदता बौद्ध मठ आहे. देऊळ म्हणजे पर्वत, ही ख्मेर वास्तूची मूळ कल्पना इथे पायऱ्या चढताना पायांना कळते. वडिलांना चढायचे नसेल तर खाली मठाच्या सावलीत बसूनही सगळे दिसते. जवळच्या लोलेईला विटांचे मनोरे आहेत. यशोवर्म्याने ते ८९३ मध्ये आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ, एका मोठ्या तलावातल्या बेटावर बांधले. तो तलाव आता कोरडा असून तिथे भातशेती होते. लोलेईच्या दारांच्या चौकटींवर संस्कृत आणि जुन्या ख्मेर भाषेतले लेख आहेत, आणि अक्षर इतके रेखीव आहे की कालच कोरले असावे असे वाटते. त्यावरून बोट फिरवायचा मोह होतो, तो टाळावा. हाताचा घाम आणि तेल दगडाला बाधते, हे तिथल्या संवर्धनाचे काम पाहिलेल्या कोणालाही पटेल.

त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास बान्ते स्रेई. हे देऊळ राजाने बांधलेले नाही. यज्ञवराह नावाच्या राजगुरूने ते बांधले आणि त्याची प्रतिष्ठा ९६७ साली झाली. दगड गुलाबी, आकार लहान, दारे तर तुमच्या मुलीलाही जपून वाकावे लागेल इतकी ठेंगणी, पण कोरीवकाम लाकडावर केल्यासारखे बारीक आहे. इथे आवारातल्या, ‘ग्रंथालय’ म्हणतात त्या दक्षिणेकडच्या छोट्या इमारतीच्या पूर्व बाजूची त्रिकोणी शिल्पपट्टी नीट पाहावी. विषय आहे रावण कैलास हलवतो तो. वेरूळच्या कैलास लेण्यात हे शिल्प आपण पाहिलेले असते. तिथे रावण तळाशी अंधारात आहे, आणि वर शिव-पार्वती. बान्ते स्रेईत मात्र कैलास हा टप्प्याटप्प्यांचा मनोरा आहे. खालच्या टप्प्यावर प्राणी घाबरून पळत आहेत, त्यावर ऋषी, आणि माथ्यावर शिवाला बिलगलेली उमा. हा कैलास म्हणजे सकाळी चढलेले बाकोंगच आहे. पर्वताचे चित्र काढताना ख्मेर शिल्पकाराच्या डोळ्यांपुढे त्याची स्वतःची देवळे होती. हा एक दुवा सापडला की उरलेला प्रवास वेगळा होतो, आणि तो सापडावा म्हणूनच हे दोन्ही मी एकाच दिवशी ठेवतो. पुढे फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री झालेले आंद्रे माल्रो यांना १९२३ मध्ये याच देवळातली शिल्पे कापून नेताना अटक झाली होती, ही गोष्ट गाईड तुम्हाला सांगेलच.

दुसऱ्या पास-दिवशी फक्त अंगकोर वाट आणि संध्याकाळी बायोन. अंगकोर वाट पहाटे पाचला उघडते. शिखरामागून सूर्य वर येताना पाहण्यासाठी तळ्याकाठी गर्दी होते, पण मार्च आणि सप्टेंबरातल्या विषुवदिनांच्या आसपास तो मधल्या शिखरावर येतो, डिसेंबरात बराच उजवीकडे सरकलेला असतो, तेव्हा छायाचित्रांतल्यासारखे दृश्य मिळाले नाही म्हणून खट्टू होऊ नये. खरा फायदा पुढे आहे. सूर्य उगवला की गर्दीतले बरेच लोक न्याहारीला हॉटेलात परततात. तुम्ही दशम्या-चटणी बरोबर ठेवा, आवाराबाहेर खा आणि साडेसहाला शिल्पांच्या ओवऱ्यांत शिरा. पश्चिमेच्या दाराने आत गेल्यावर उजवीकडे वळायचे, म्हणजे देऊळ तुमच्या डाव्या हाताला राहते. ही प्रदक्षिणेची उलटी दिशा, आपल्या भाषेत अपसव्य. शिल्पपट्ट्या याच क्रमाने वाचायच्या आहेत, आणि देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणून ते बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्म्याचे हे मृत्यूनंतरचे स्मारकही असावे असे अनेक अभ्यासक मानतात. त्याचे मरणोत्तर नावच परमविष्णुलोक असे आहे. तुमच्या आईला हे सांगितले तर ती दिशा का उलटी ते लगेच ओळखेल. इंग्रजीतून आलेल्या प्रवाशाला ते समजावून द्यावे लागते.

पहिल्या ओवरीत कुरुक्षेत्र आहे, भीष्म शरपंजरी आहेत. मग दक्षिणेकडे स्वतः सूर्यवर्म्याची मिरवणूक, छत्रांच्या दाटीत बसलेला राजा आणि सेनापतींच्या जवळ कोरलेली त्यांची लहान अक्षरांतली नावे. त्यापुढे यम, चित्रगुप्त, स्वर्ग आणि नरक. मुलीला नरक फार आवडेल, मुलांना आवडतोच. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे, जवळपास ४९ मीटर लांबीचे. मध्यभागी विष्णू, खाली कूर्म. तिथे नजर अगदी तळाशी न्यावी. मंथनाच्या दांड्याजवळ जसजसे यावे तसतसे समुद्रातले मासे आणि मगरी तुकडे तुकडे झालेल्या दिसतात. भोवऱ्याच्या वेगात चिरडले गेलेले ते जीव त्या शिल्पकाराने माशाच्या खवल्यांसकट कोरले आहेत. तोन्ले साप सरोवराच्या काठी राहणाऱ्या, मासे कापताना रोज पाहणाऱ्या माणसाचे ते निरीक्षण आहे.

सर्वांत वरचा टप्पा, बाकान, फार उभ्या जिन्याचा आहे. बारा वर्षांखालील मुलांना तिथे सोडत नाहीत, गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, आणि बौद्ध पवित्र दिवशी तो बंद असतो. दोघे वर गेलात तर आजी-आजोबा आणि नात खालच्या अंगणात बसतील. त्यात काही मोठे चुकत नाही.

चुकवू नये असे ठिकाण वेगळेच आहे, आणि लोक त्याच्या शेजारून घाईने निघून जातात. पश्चिमेच्या बाहेरच्या गोपुरात, आत शिरताना उजव्या अंगाला, आठ हातांची माणसापेक्षा कितीतरी उंच विष्णुमूर्ती उभी आहे. तिला भगव्या रंगाचे वस्त्र असते, पुढ्यात उदबत्त्या, फुले, फळे असतात. स्थानिक लोक तिला ‘ता रीच’ म्हणतात. ‘ता’ म्हणजे आजोबा. गावाचे रक्षण करणाऱ्या दैवताला तिथे ‘नेआक ता’ म्हणतात, आणि हे त्यांतले एक मोठे प्रस्थ आहे. आपल्या ग्रामदैवतासारखेच, नवस बोलायचा आणि फेडायचा. एकदा माझ्या गटातले एक गृहस्थ फुले वाहणाऱ्या म्हातारीला हातवाऱ्यांनी सांगू लागले, की हा विष्णू, हा आमचा देव. ती हसली, मूर्तीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘ता’. तिच्या लेखी तो विषय तिथेच संपला होता. ज्या देवळाला झाडांच्या मुळांमुळे जगभर प्रसिद्धी मिळाली, त्या ता प्रोमच्या नावातही तोच ‘ता’ आहे, म्हणजे ब्रह्मा-आजोबा. त्यामुळे तिथे नमस्कार जरूर करावा, पण वारसाहक्क सांगायला जाऊ नये.

बायोन संध्याकाळी. वरचे दगडी चेहरे सगळेच पाहतात. तुम्ही दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंतीपाशी थांबा. सातव्या जयवर्म्याच्या काळातला, बाराव्या शतकाच्या अखेरचा बाजार तिथे कोरलेला आहे : मासे विकणाऱ्या बायका, कोंबड्यांची झुंज, चुलीवरची भांडी, बाळंतीण, शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांशी चाललेले होड्यांचे युद्ध. बैलगाडी तर अगदी तशीच आजही बाहेरच्या रस्त्यावर दिसू शकते.

तिसऱ्या पास-दिवशी साडेसातला दार उघडताच ता प्रोम. मुळे पाहायचीच, पण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे अनेक वर्षे केलेले कामही पाहावे. ढासळलेल्या सभामंडपाचे दगड ओळखून, जुळवून पुन्हा रचले आहेत आणि झाडे मात्र राखली आहेत. भिंतींच्या आतला तांबूस, छिद्रांचा दगड पाहून कोकणातला माणूस चटकन म्हणतो, अरे, हा तर जांभा. तो जांभाच आहे. वरचा वालुकाश्म कुलेन डोंगरातून आणलेला. चुना न वापरता दगडावर दगड बसवण्याची पद्धतही आपल्या हेमाडपंती देवळांच्या जवळची आहे. अंगात त्राण असेल तर ता प्रोमनंतर गाडीने बेंग मिलियाला जावे. ते जवळजवळ पडझडीच्या अवस्थेतच ठेवलेले आहे, लाकडी पुलांवरून फिरता येते, आणि आता याच पासवर पाहता येते. थाई सीमेवरची प्रेआ विहेअर आणि बान्ते छमार ही देवळे मात्र यावेळी डोक्यातून काढावीत. २०२५ साली त्या सीमेवर लढाई झाली आहे, आणि वृद्ध माणसे व लहान मूल बरोबर असताना तिकडे वळण्याचे कारण नाही.

आता गावांविषयी, कारण प्रश्नातला हाच भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

अनाथाश्रम गाळा, असे मी निःसंदिग्धपणे सांगतो. कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात असतात. पर्यटकांचे पैसे येऊ लागले तसतशा संस्था वाढल्या आणि गरीब घरांतली मुले त्यांत आणली गेली. मुले नाचून दाखवतात, पाहुणे रडतात, पाकीट उघडते, आणि मूल घरापासून दूरच राहते. आपल्या मुलीच्या शाळेत अनोळखी परदेशी माणसे येऊन मुलांना कडेवर घेऊन फोटो काढू लागली तर आपण काय करू, एवढे मनात आणले तरी पुरे. मदत करायची इच्छा असेल तर सिएम रीपमध्ये फारे या संस्थेची सर्कस पाहावी. निर्वासितांच्या छावणीतून परतलेल्या तरुणांनी बात्तामबांग या शहरी काढलेल्या कलाशाळेचे विद्यार्थी त्यात काम करतात. तिकीट काढायचे, खेळ पाहायचा, टाळ्या वाजवायच्या. त्यात उपकाराचा भाव येत नाही. मुलगी तर खूशच होईल.

तरंगत्या गावांचेही तसेच. शहराला सर्वांत जवळचे गाव पर्यटकांच्या होड्यांनी गजबजलेले असते. काही वर्षांपूर्वी माझ्याच गटाला एका होडीवाल्याने पाण्यावरच्या दुकानापाशी थांबवले आणि शाळेतल्या मुलांसाठी तांदळाचे पोते घ्या म्हणून आग्रह धरला. किंमत बाजाराच्या कितीतरी पट. ते पोते पुढच्या होडीलाही विकले जाताना आम्ही परतीच्या वाटेवर पाहिले. तेव्हापासून मी काम्पोंग ख्लेआंगला नेतो. ते शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, बेंग मिलियाच्याच बाजूला, त्यामुळे दोन्ही एका दिवसात बसतात. घरे उंच लाकडी खांबांवर आहेत. पावसाळ्यात मेकाँग नदीचे पाणी वाढले की तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर कैक पटींनी पसरते. डिसेंबरात पाणी ओसरू लागलेले असले तरी होडी चालते. होडीत बसून घरांच्या आत कॅमेरा रोखू नये. ती पाण्यावरची असली तरी घरे आहेत, आणि दार उघडे असणे म्हणजे आमंत्रण नव्हे. गावात शाळा दिसली तर वर्ग चालू असताना आत जाऊ नये. चॉकलेटे, पेने, पैसे मुलांना वाटू नयेत. देवळांपाशी पोस्टकार्डे विकणाऱ्या मुलांकडूनही काही घेऊ नये, त्याच वस्तू शेजारच्या बाईकडून घ्याव्यात. मूल जितके कमावते तितके ते शाळेपासून लांब राहते.

सरोवरापेक्षाही मला प्रेआ दाक हे गाव आवडते. बान्ते स्रेईच्या वाटेवरच आहे, म्हणून पहिल्या दिवशी दुपारचे जेवण तिथे घेता येते. रस्त्याकडेला मातीच्या चुलीवर मोठ्या कढईत ताडाचा गोड रस आटत असतो. बाई लाकडी फळीने तो ढवळत असते. रंग आधी दुधट, मग मधासारखा, आणि फेस जाड होऊन फुटू लागला की कढई उतरवून घोटायला सुरुवात होते. घोटलेला पाक ताडपत्राच्या छोट्या कड्यांत ओततात, काही वेळात वड्या बसतात. खानदेशातल्या किंवा कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला तो वास ओळखीचा वाटतो आणि चव मात्र वेगळी लागते. चवीला एक तुकडा फुकट देतात. घ्यायचे तर विकतही घ्यावे, घासाघीस करू नये.

जेवणाबाबत सावध राहा. गावची ‘नोम बान चोक’ ही तांदळाच्या शेवयांसारखी गोष्ट प्रसिद्ध आहे, पण तिच्यावरचे वाढप माशाचे असते. भाज्यांतही ‘तुक त्रेइ’ म्हणजे माशाचा रस किंवा ‘प्राहोक’ म्हणजे आंबवलेली मासळी घालतात, आणि ते मांस नव्हे असे स्वयंपाकीण प्रामाणिकपणे मानते. म्हणून नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. बौद्ध व्रताचे निरामिष जेवण सांगणारा ‘ञाम बुअह’ हा शब्द कागदावर ख्मेर लिपीत लिहून घेऊन जवळ ठेवावा. शहरात भारतीय खानावळी आहेत, गावात साधा भात, केळी, शहाळे मिळते.

बोलताना एक गोष्ट तुम्हाला सोपी जाईल. ख्मेर भाषेतही अनोळखी माणसाला नात्याने हाक मारतात : थोरल्याला ‘बोंग’, मावशी-आत्याच्या वयाच्या बाईला ‘मिंग’, आजीला ‘येआय’, आजोबांना ‘ता’. नावापेक्षा हीच हाक बरी वाटते. दोन्ही हात जोडून नमस्कार तिथेही आहे. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करू नये, आणि फोटो आधी विचारून काढावा. भाद्रपदातल्या कृष्णपक्षात तिथे ‘प्चुम बेन’ हा पितरांचा सण असतो, त्यातला ‘बेन’ म्हणजे आपला पिंड. आईला हे सांगितले की गाईडशी तिच्या गप्पा सुरू होतील, असा माझा अनुभव आहे.

त्या गप्पांत एकच पथ्य पाळावे. तुमच्या वडिलांच्या वयाचा कंबोडियन माणूस १९७५ साली, ख्मेर रूज या पोल पॉटच्या कम्युनिस्ट संघटनेची सत्ता आली तेव्हा, सतरा-अठरा वर्षांचा होता. पुढच्या चार वर्षांत सुमारे १७ लाख माणसे मेली. टुकटुकवाल्याला, गाईडला किंवा घरधन्याला ‘तुमच्या घरचे कोण गेले’ असे आपणहून विचारू नये. ते स्वतः बोलले तर ऐकावे. आडवाटेच्या देवळांपाशी पायवाट सोडून झुडपांत जाऊ नये, हेही त्याच काळाचे देणे आहे. मोठ्या देवळांच्या परिसरातले सुरुंग काढलेले आहेत, पण दूरच्या भागात अजून सापडतात. तसेच, देवळांपाशी भेटणारे फेरीवाले पूर्वी आसपासच्याच वस्त्यांत राहत. २०२२ पासून हजारो कुटुंबे रुन ता एक या नव्या वसाहतीत हलवली गेली आहेत, त्यामुळे काहींना रोज लांबून यावे लागते. यावर तुमच्या गाईडचे मत काय आहे, ते त्याच्यावर सोडावे.

‘जुनी’ म्हणून कोणी मूर्तीचा तुकडा देऊ केला तर हात लावू नये. कोह केर या ख्मेरांच्या आणखी एका जुन्या राजधानीतल्या एका देवळातल्या भीम आणि दुर्योधन यांच्या मूर्ती अशाच कापून परदेशात गेल्या होत्या, पावले मात्र बैठकीवर तशीच राहिली होती. २०१४ मध्ये दोन्ही परत आल्या.

राहिले किरकोळ. फाटकी किंवा डाग पडलेली डॉलरची नोट तिथे कोणी घेत नाही, म्हणून एक आणि पाच डॉलरच्या कोऱ्या नोटा इथूनच न्याव्यात. दुपारी बारा ते तीन सक्तीची विश्रांती ठेवावी, डिसेंबर असला तरी आई-वडिलांसाठी. लांबच्या दिवशी गाडी, जवळच्या फेऱ्यांना टुकटुक. आणि एक रिकामा स्टीलचा डबा बरोबर असू द्या. ताडगुळाच्या वड्या उन्हाने मऊ होतात, पानाच्या गुंडाळीतून पाझरतात, आणि एकदा माझ्या सगळ्या कपड्यांचा चिकटा झाला होता.